आमदारांची कागदपत्रं विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देण्याआधी

वर्षानुवर्षं निवडून आलेल्या आमदारांची कागदपत्रं ज्यांच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या संपर्क कार्यालयात आहेत, आणि ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ठाणे-कळव्यापासून बेलापूर-उरणपर्यंत घरं रिडेव्हलपमेंटला जातायत आणि आवराआवरीत सगळ्यात आधी रद्दीवाल्याकडे जातात ती हीच गाठोडी. म्हणून घर रिकामं करायची तारीख ठरायच्या आत कामाला लागा.

सुरुवातीला काहीही लावायला घेऊ नका. विषयवार फाइली करून दिल्या तर ग्रंथालयाचं काम हलकं होईल असं घरच्यांना वाटतं, पण त्यानं नुकसानच होतं. लक्षवेधी सूचनेच्या मसुद्याला गावकऱ्यांचं निवेदन टोचलेलं असतं, त्यामागे सातबाऱ्याची नक्कल, त्यामागे पेपरातलं कात्रण. सभागृहात विचारलेला प्रश्न कुठून उगवला ते त्या एका टाचणीत कळतं. सगळी कात्रणं एकीकडे आणि सातबारे दुसरीकडे केले की तो माग कायमचा पुसला गेला. तेव्हा कपाटाला हात लावण्याआधी प्रत्येक कप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा, कप्प्याला नंबर द्या आणि त्यातले गठ्ठे ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं त्या नंबराच्या खोक्यात उतरवा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे कागद बऱ्याचदा प्रवासाच्या बॅगेतच राहून गेलेले असतात, तीही उघडून बघा.

काय ठेवायचं यावर घरात वाद होणारच. मानपत्रं, सत्काराचे फोटो आणि विधानसभेच्या कार्यवाहीचे छापील खंड आधी पुढे येतात. छापील खंड विधिमंडळाच्या ग्रंथालयातही असतात. समासात साहेबांनी स्वतः काही लिहिलं असेल तरच ते अनमोल. माझ्या मते खरी संपत्ती म्हणजे लोकांचे अर्ज. वहीचं फाडलेलं पान, खाली अंगठा, वर कोपऱ्यात लाल शाईत ‘बोललो’ किंवा ‘पुन्हा भेटायला सांगा’ एवढाच शेरा. असा एकही कागद टाकू नका, मग तो नळजोडणीचा का असेना.

आपल्या भागात तर याचं मोल फारच आहे. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूसंपादनाच्या सरकारी फाइलींत गट नंबर आणि मोबदला सापडेल. पण भातशेती गेल्यावर त्या घरात काय झालं, मुलाला नोकरी लागली का, मिठागरावरच्या मजुराचं कुणी ऐकलं का, हे आमदारांकडे आलेल्या पत्रांतच आहे.

‘हे पालघरचं, आपल्याला काय करायचंय’ म्हणून जव्हार-मोखाड्याचा गठ्ठाही बाजूला काढू नका. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता. जनसंघाचे आमदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. तुमच्याकडच्या आमदारांनी तसे अहवाल काढले असतील तर त्यांचा एक जादा संच मिळवा. बाकीच्या कागदांच्या तारखा लावायला तो फार उपयोगी पडतो.

आता कागदाची निगा. दमट हवेत लोखंडी टाचण्या गंजतात आणि त्यांचा डाग चार पानं खाली उतरतो. सहज निघेल ती टाचणी काढा, पण ते कागद साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत एकत्रच ठेवा. रबरबँड काढा. सेलोटेप लावू नका, फाटलेलं चिकटवू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. उन्हातही वाळत घालू नका. कसर किंवा बुरशी दिसली तर तो गठ्ठा वेगळ्या खोक्यात, तोंडाला मास्क लावून. नव्वदच्या दशकातले गुळगुळीत फॅक्स मात्र आजच झेरॉक्स करा, त्यांवरची अक्षरं उडत चालली आहेत. फोटोंच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. हे सगळं पावसाळा सोडून करा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

नावांसाठी साहेबांच्या जुन्या पीएंना घरी बोलवा. कुणाचं अक्षर कुणाचं, ‘भाऊ’ म्हणजे कुठले भाऊ, हे त्यांनाच ठाऊक. त्यांची परवानगी घेऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे काम लांबणीवर टाकू नका.

आजारपणाची मदत, सासरचा छळ, पोलिसांची तक्रार अशी पत्रं फाडायची नाहीत, पण उघडीही ठेवायची नाहीत. त्यांची नोंद वेगळी करा आणि ती किती वर्षं बंद राहतील हे ग्रंथालयाशी लेखी ठरवा. मंत्रिपद भूषवलेलं असेल तर शासनाच्या मूळ नस्त्याही, म्हणजे सरकारी फाइलीही, निघतील. त्या ग्रंथालयाला दाखवून वेगळ्या करा, त्या तुमच्या मालकीच्या नाहीत. तसंच, आलेलं पत्र तुमचं असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, तेव्हा छापण्याची परवानगी परस्पर देऊन टाकू नका.

देणगीपत्रावर सही करण्याआधी ग्रंथपालांना स्पष्ट विचारा: कायमची देणगी की मालकी तुमचीच ठेवून नुसती ठेव, यादी कोण करणार, स्कॅन झाल्यावर मूळ कागदांचं काय, आणि खोकी कुठल्या मजल्यावर राहणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई विद्यापीठ जिथे आहे ते कलिना पाण्यात गेलं होतं, तेव्हा तळमजल्याला ठाम नकार द्या. सगळ्यात जास्त आग्रह धरा तो प्रवेशाचा. घणसोलीच्या किंवा करावेच्या माणसाला विद्यापीठाचं ओळखपत्र नसतानाही, आधार कार्ड दाखवून आजोबांचा अर्ज बघता आला पाहिजे, हे कलम शब्दशः लिहून घ्या. खोक्यांच्या यादीच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर ग्रंथालयाचा शिक्का घ्या आणि एक घरी ठेवा.