जॅकेट, विंग की साइडमाउंट? आधी शिसं मोजा

स्कूबा डायव्हिंगमधल्या माझ्या पहिल्या पन्नासेक डाइव्ह भाड्याच्या जॅकेटमध्ये झाल्या. जॅकेट हा बीसीडीचा एक प्रकार, आणि बीसीडी म्हणजे पाण्यात तरंगणं कमीजास्त करायला अंगावर चढवायची, हवा भरता येणारी पिशवी. पाण्याखाली माणूस असाच उभा, सायकल मारल्यासारखा जातो अशीच तेव्हा माझी समजूत होती. फिन वाळू उडवतायत, आणि वर येऊन हवा भरली की जॅकेट कानांपर्यंत चढलेलं. माझी उंची जेमतेम पाच फूट, खांदे अरुंद, आणि वाट्याला यायचं ते कायम एक माप मोठंच. सगळा राग मी जॅकेटवर काढायचे. मग एका प्रशिक्षिकेनं बुडता यावं म्हणून कमरेला लावलेलं माझं शिसं मोजलं. 10 किलो निघालं. मला 6 पुरत होतं.

जास्तीचं 4 किलो शिसं तोलायला बीसीडीत जास्तीची 4 लिटर हवा भरावी लागते. 10 मीटरवरची ती 4 लिटर पृष्ठभागापर्यंत येता येता 8 होते. म्हणजे सगळा वेळ भर, सोड, परत भर. त्यात शिसं कमरेला खाली ओढणार आणि हवा छातीला वर, मग अंग आडवं राहणार कसं? तेव्हा कुठली बीसीडी घ्यावी हे विचारणाऱ्याला मी उलट विचारते, शिसं किती लावता?

तपासणं सोपं आहे. डाइव्हच्या शेवटी टाकीत हवेचा दाब 50 बार उरला असताना बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि पाय न हलवता पृष्ठभागावर थांबा. नेहमीसारखा श्वास घेऊन धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं, आणि सोडला की सावकाश खाली जायला लागावं. दगडासारखे गेलात तर एकेक किलो काढत जा.

मग उचल. बीसीडीवर उचलक्षमतेचा, म्हणजे ती किती किलो तरंगवते याचा, आकडा लिहिलेला असतो आणि मोठा आकडा पाहून माणूस भुलतो. उचल, मग ती मजुरीवरची असो की पाण्यातली, लागेल तेवढीच घ्यावी. हिशेब दोनच गोष्टींचा आहे. 11 लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीत 200 बारला साधारण 2,200 लिटर हवा मावते आणि तिचं वजन अडीच किलोच्या थोडं वर भरतं. डाइव्हच्या सुरुवातीला तेवढे तुम्ही जड असता. दुसरा वेटसूट. खोल गेल्यावर निओप्रीनमधले, म्हणजे सुटाच्या रबरातले, बुडबुडे चेपतात आणि सूटचं तरंगणं कमी होत जातं. ते तरंगणं मोजायला सूट जाळीच्या पिशवीत घालून, पाण्यात नीट पिळून, बुडेपर्यंत शिसं टाकत राहा. माझ्या 5 मिलिमीटरच्या सुटाला 5 किलो लागलं. खाली ते सगळं गेलं असं धरलं तरी बेरीज 8 किलोच्या आत राहते. मला 13 किलो उचलीची विंग, म्हणजे पाठीमागची हवेची पिशवी, भरपूर होते. एक अट मात्र पाळायची. सगळं शिसं बीसीडीतच लावणार असाल, तर ती अंगातून काढल्यावर भरल्या टाकीसकट एकटी तरंगली पाहिजे.

आता प्रकार. जॅकेटला मी आता शिव्या देत नाही. त्यात हवा पाठीबरोबर काखेखालून कुशीतही फिरते, त्यामुळे पृष्ठभागावर सरळ उभं राहता येतं. वर्षातून एखाददुसऱ्या सहलीत पाण्यात उतरणाऱ्यांना आणि लाटांवर विद्यार्थ्यांशी बोलत थांबणाऱ्या प्रशिक्षकांना ते बरं पडतं. खिसेही मोठे. पण घेताना वेटसूट घालून, पूर्ण फुगवून, खोल श्वास घेऊन बघा. बरगड्या आवळल्या तर ते तुमचं नाही, सवलत कितीही असो.

पाठीमागे फुगणाऱ्या बीसीडीत कुशी मोकळ्या राहतात आणि अंग आपसूक आडवं होतं. तिच्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, पृष्ठभागावर तोंडावर पाडते म्हणून. खरी आहे, पण अर्धीच. गच्च फुगवलीत आणि सगळं शिसं पोटाशी ठेवलंत तर पाडणारच. थोडी हवा सोडा, आरामखुर्चीत रेलल्यासारखे मागे झुका, दोनेक किलो टाकीच्या पट्ट्यावर मागे न्या. आणि बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील असं कुठल्याच बीसीडीबद्दल गृहीत धरू नका. ते काम लाइफ जॅकेटचं.

मी स्वतः बॅकप्लेट आणि विंगवर स्थिरावले. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांनी ही पद्धत घडवली. पाठीला धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला 5 सेंटिमीटर रुंद सलग पट्टा, मागे हवेची पिशवी. मापाची कटकटच नाही, कारण पट्टा तुमच्या अंगावर बसवायचा असतो. आणि पायांमधून पुढे येणारा पट्टा! कानांपर्यंत चढणाऱ्या जॅकेटचं माझं दुखणं त्यानंच संपवलं. बसवायला मात्र चिकाटी लागते. माझे तीन वेळा सोडून परत ओवून झाले. खांद्याचा पट्टा इतका सैल हवा की खालून सपाट हात सहज सरकावा, नाहीतर ओल्या सुटातून दंड काढताना रडकुंडीला याल. विंगही एका टाकीपुरती अरुंदच घ्या. दोन टाक्यांची रुंद विंग एका टाकीला लावली की तिच्या कडा टाकीभोवती मिटतात आणि हवा आत अडकून बसते.

यातली खोच पाटीच्या वजनात आहे. स्टीलची पाटी साधारण पावणेतीन किलो, अ‍ॅल्युमिनियमची किलोभर. जाड सुटाबरोबर स्टील उत्तम, कमरेचं तेवढं शिसं कमी होतं. मी हौसेनं तीच पाटी स्टीलच्या टाकीला आणि 3 मिलिमीटरच्या सुटाला जोडली. शिसं शून्य! खूश होऊन खाली गेले आणि विंग फाटलीय असं धरून, तिच्यात हवा न भरता वर यायचा प्रयत्न केला. पाय मारून मारून दमले, आणि टाकून द्यायला अंगावर काहीच नव्हतं. आता पातळ सूट असला की अ‍ॅल्युमिनियमची पाटी आणि सोडता येईल असं थोडं शिसं.

साइडमाउंट, म्हणजे टाक्या दोन्ही काखांखाली, हा अरुंद गुहांतून आलेला प्रकार. पाठ दुखणाऱ्यांना मोह होतो, कारण टाक्या एकेक करून पाण्यात नेऊन लावता येतात. पण अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या रिकाम्या होत गेल्या की त्यांची बुडं वर तरंगतात, आणि डाइव्ह चालू असताना क्लिपा सरकवाव्या लागतात. गर्दीच्या बोटीवर तर विचारू नका. वेगळं प्रशिक्षण घेणार नसाल तर सोडून द्या.

प्रकार ठरला की वस्तू हातात घेऊन त्रास द्या. डोळे मिटून खांद्यावरची आणि कमरेमागची, हवा सोडायच्या दोन्ही डंप व्हॉल्व्हची दोरी सापडते का? शिशाचा खिसा एका हातानं ओढून निघतो का, आणि न ओढता निसटत तर नाही ना? तोंडानं फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली तर परत करा. हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणात पुढे मीठ साचतं आणि एखाद्या दिवशी ते अडकून हवा आपोआप भरत राहते. तेव्हा जोडलेली नळी तिथल्या तिथे काढता आली पाहिजे. हातमोजे घालून ती काढून बघा, दुकानदार कंटाळेपर्यंत.