मेडिकेडचे दर सुधारताना या चुका टाळा

अमेरिकेत ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला घरात राहून जी मदत मिळते, तिचा मोठा भाग मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेच्या वेव्हरमधून, म्हणजे संस्थेत न ठेवता घरीच सेवा देण्याच्या खास सवलतीतून येतो. या सेवांचे दर ठरवतं राज्य. राज्याने दरांचा अभ्यास काढला की छोट्या संस्था आणि स्वतः केअरगिव्हर नेमणारे पालक त्यासाठीचा खर्चाचा सर्व्हे घाईघाईने भरून टाकतात. नुकसान तिथेच होतं.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे पगाराचे तास आणि बिलाचे तास एकच धरणं. समजा, केअरगिव्हरला ताशी १८ डॉलर मिळतात. मालकाच्या वाट्याचा कर, विमा, रजा यांचे २० टक्के धरले की झाले २१.६०, म्हणजे आठ तासांचे १७२.८०. पण त्या आठ तासांत एका घरून दुसऱ्या घरी गाडीने जाणं आलं, नोंदी लिहिणं आलं, प्रशिक्षण आलं. बिल होतं सहाच तासांचं. मग बिलाचा तास पडतो २८.८० ला आणि पंधरा मिनिटांचं युनिट (बिलाचं माप) ७.२० ला. आठाने भागलं तर तेच युनिट ५.४० दिसतं. यात ऑफिसचं भाडं आणि सुपरव्हायझर अजून धरलेलेच नाहीत!

दुसरी गोष्ट पगाराची. हातात दर कमी म्हणून पगार कमी, आणि सर्व्हेत तोच पगार भरला की जुना तुटपुंजा दर नव्या दरात मुरतो. म्हणून किती जागा रिकाम्या आहेत, ओव्हरटाइम किती द्यावा लागला, सोडून गेलेल्यांना दुसरीकडे काय पगार मिळाला, हे सोबत लिहाच.

बिलं अडतात ती बहुतेक साध्या कारणांनी. २०१६ च्या कायद्याने आलेल्या ईव्हीव्हीत, म्हणजे घरभेटीच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत, कोणती सेवा, कोणाला, कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, या सहाही गोष्टी लागतात; क्लॉक-आउट विसरला की क्लेम अडकतो. माणूस हॉस्पिटलमध्ये असताना नेहमीप्रमाणे ग्रुप होमचं (अपंग लोक एकत्र राहतात त्या घराचं) बिल गेलं, तर ऑडिटमध्ये पैसे परत मागतात. आणि ‘दिवस छान गेला’ ही नोंद नव्हे. ‘७.४० ते ८.१०, ब्रश धरायला हाताला आधार दिला, नंतर दोनदा स्वतः दात घासले’ ही नोंद. मिनिटं युनिटमध्ये कशी बसवायची याचे नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मित्राचं ऐकून बिल करू नका.

दर फारच कमी ठेवले तर कोर्टात जाऊ, या भरवशावर राहू नका. आयडाहोतल्या अशाच निवासी सेवा देणाऱ्या संस्था गेल्या होत्या. दर पुरेसे असावेत असं मेडिकेड कायद्यात लिहिलेलं आहे, पण त्या कलमासाठी संस्थांना थेट दावा लावता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो. पण त्यामुळे दर ठरत असतानाच बोलणं भाग आहे.

वेव्हरच्या दरपद्धतीत मोठा बदल करण्याआधी राज्याला लोकांची मतं घेण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. त्या मुदतीत ‘दर वाढवा’ एवढंच पत्र पाठवू नका. नावं झाकून एका आठवड्याची टाइमशीट जोडा, आणि पगाराचे पण बिल न होणारे तास त्यावर खूण करून दाखवा.