सातारा ते सांगली 5,055 किलोमीटर? पायथनमध्ये साइन-कोसाइन वापरताना

साताऱ्याचे आणि सांगलीचे अक्षांश-रेखांश घेऊन दोन्ही शहरांमधले हवाई अंतर काढणारा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दहा ओळींत होतो. त्यात एक पायरी गाळली की उत्तर येते 5,055 किलोमीटर. प्रोग्राम अडत नाही, लाल अक्षरांत काही उमटत नाही. सूत्र बरोबर, आकडेही बरोबर. फक्त अंशांचे रेडियन (कोन मोजायचे दुसरे एकक, 180 अंश म्हणजे π रेडियन) करायचे राहिलेले असतात.

इथे फंक्शनांची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची (साइन म्हणजे एस-आय-एन). व्हेरिएबलची नावे मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीतही चालतात, ‘अक्षांश1’ लिहिले तरी त्याची तक्रार नसते.

आधी आकडे नीट घ्या. सातारा 17.68 उत्तर, 74.00 पूर्व. सांगली 16.85 उत्तर, 74.58 पूर्व. जुन्या नकाशावर अंश-मिनिटे असतील तर मिनिटांना 60 ने भागा. 17 अंश 41 मिनिटे म्हणजे 17.683, ते 17.41 लिहिले तर सातारा तीस किलोमीटर दक्षिणेला, उंब्रजच्या आसपास जाऊन बसतो.

मग रेडियन. वर ‘इंपोर्ट मॅथ’ लिहा (मॅथ ही पायथनची गणिती फंक्शनांची लायब्ररी) आणि प्रत्येक कोन मॅथ.रेडियन्स() मधून काढा. दहावीच्या पुस्तकात साइन 30 म्हणजे 0.5, पण मॅथ.साइन(30) देते -0.988. लायब्ररी ते 30 रेडियन समजते, म्हणजे वर्तुळाच्या पावणेपाच फेऱ्यांहून थोडे जास्त. एक्सेलचाही हाच नियम आहे. रूपांतर सुरुवातीला एकदाच करा. मधेच कुठेतरी केले की एखादा कोन सुटतो, नाहीतर दोनदा बदलतो.

सूत्र:

फरक_अ = अक्षांश2 - अक्षांश1
फरक_र = रेखांश2 - रेखांश1
क = मॅथ.साइन(फरक_अ/2)**2 + मॅथ.कॉस(अक्षांश1) * मॅथ.कॉस(अक्षांश2) * मॅथ.साइन(फरक_र/2)**2
अंतर = 2 * 6371 * मॅथ.एसाइन(मॅथ.एसक्यूआरटी(क))

6371 ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किलोमीटरमध्ये. उत्तर सुमारे 111 यायला हवे. पेठ नाक्यावरून वळून जाणारा रस्ता याहून लांब पडतो, तेव्हा एसटीच्या अंतराशी ताडून घाबरू नका. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो.

याच कामासाठी एकोसाइनचे एक आखूड सूत्र मिळते, ते टाळलेले बरे. दोन्ही ठिकाणे एकच असली की आतली संख्या कधी 1.0000000000000002 होते आणि ‘व्हॅल्यू एरर’ येऊन प्रोग्राम थांबतो. वापरायचेच असेल तर आतली किंमत मिन आणि मॅक्स लावून -1 ते 1 मध्ये कोंडा.

दिशा हवी असेल तर एटॅन (टॅनवरून उलटा कोन काढणारे फंक्शन) नको, एटॅन2 घ्या.

य = मॅथ.साइन(फरक_र) * मॅथ.कॉस(अक्षांश2)
क्ष = मॅथ.कॉस(अक्षांश1) * मॅथ.साइन(अक्षांश2) - मॅथ.साइन(अक्षांश1) * मॅथ.कॉस(अक्षांश2) * मॅथ.कॉस(फरक_र)
दिशा = मॅथ.डिग्रीज(मॅथ.एटॅन2(य, क्ष)) % 360

उत्तर 146 अंशांच्या आसपास, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले, म्हणजे आग्नेय. एटॅनला य/क्ष हा एकच भागाकार दिला की कोणती बाजू ऋण होती हे त्याला कळत नाही. ते -34 सांगते आणि सांगलीला निघालेला माणूस वाई-महाबळेश्वरच्या अंगाला लागतो. एटॅन2 मध्ये य आधी, क्ष नंतर; उलट क्रम ही नेहमीची चूक.

आता शेपटीचे आकडे. मॅथ.साइन(मॅथ.पाय) शून्य देत नाही, 1.2246467991473532e-16 देते (e-16 म्हणजे दशांश चिन्हानंतर आधी पंधरा शून्ये). लायब्ररीला यात दोष देतात, पण साइनने उत्तर बरोबरच दिलेले असते. π चे दशांश संपत नाहीत आणि संगणकाकडे त्यासाठी 53 बिटच आहेत, त्यामुळे मॅथ.पाय खऱ्या π पेक्षा किंचित लहान आहे. जितका लहान, तितकेच हे उत्तर. त्याच कारणाने मॅथ.टॅन(मॅथ.पाय/2) अनंताऐवजी 1.6e+16 असा प्रचंड, पण मोजता येणारा आकडा देते, आणि साइन 30 अंश 0.49999999999999994 छापते.

म्हणून तुलना == ने करू नका, मॅथ.इजक्लोज वापरा. त्यातही एक खाच आहे: ते मुळात सापेक्ष फरक बघते, त्यामुळे शून्याशी तुलना केली की वरचे 1.22e-16 सुद्धा ‘फॉल्स’ ठरते. तिथे एबीएस_टोल=1e-9 स्वतः द्यावे लागते.

कोन हजारो अंशांचा असेल, चाकाच्या फेऱ्या मोजताना होतो तसा, तर % 360 (360 ने भागून उरणारी बाकी) अंशांतच करा आणि मग रेडियन. आधी रेडियन केले की π ची ती बारीक तूट फेरीगणिक वाढत जाते. आणि हजारो ठिकाणांची यादी एकदम द्यायची असेल तर मॅथ.साइन यादी घेत नाही, ‘टाइप एरर’ देते. तिथे नमपाय या वेगळ्या लायब्ररीचे साइन लागते. रेडियन मात्र तिथेही करावेच लागतात.