जुन्या मारुतीला निरोप देण्यापूर्वी करायची तयारी

घरातली जुनी गाडी काढायची ठरली की सगळ्यांचे लक्ष नव्या गाडीच्या रंगाकडे आणि मुहूर्ताकडे लागते. तयारी मात्र जाणाऱ्या गाडीचीच अधिक करावी लागते. गाडी दारातून गेली तरी आरटीओच्या नोंदीत आपले नाव राहिले, तर पुढची चलने आपल्याच मोबाइलवर येतात आणि अपघाताच्या भरपाईचा दावाही आपल्यावरच येऊ शकतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी अनेकदा हस्तांतरित झालेली होती, तरीही नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

पहिल्यांदा गाडीचे कायदेशीर वय पाहावे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून देशातील १३ शहरांत एप्रिल २०१० पासून विकायची बंद झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच थांबले. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे या शहरांत नवी घेतलेल्या शेवटच्या ८००चीही मुदत २०२५ मध्येच भरली. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून हमखास ऐकू येते, पण ते खरे नाही. दिल्लीत जुन्या गाड्यांना असलेल्या वयोमर्यादेचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात नमुना २५ मध्ये अर्ज करून, तपासणी करून घेऊन आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत संपलेली गाडी विकायची असेल, तर आधी हे नूतनीकरण करावे आणि त्याचा खर्च गाडीच्या अपेक्षित किमतीतून वजा करून मगच विकण्यात अर्थ आहे का ते ठरवावे.

आता आरसीवर नाव कोणाचे आहे ते वाचावे, कारण जुन्या गाड्यांचे घोडे बहुधा इथेच अडते. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, ते जाऊन काही वर्षे झालेली असतात, आणि घरातले सगळेच ती चालवत असल्यामुळे नाव बदलण्याचे कोणाच्या मनातही आलेले नसते. मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. उशीर झाला असला तरी हा टप्पा गाळता येत नाही. त्यासाठी मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि इतर वारसांची संमती लागते. परगावी किंवा परदेशी असलेल्या भावंडांना त्यामुळे सर्वांत आधी फोन करावा. गाडी काढायला त्यांची मनातून तयारी आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घेतलेले बरे, कारण सही आणि रुसवा दोन्ही एकाच माणसाकडे असतात.

कर्ज फेडून वर्षे लोटली तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला आढळतो. तो उतरवण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्यावा. थकलेली ई-चलने भरावीत, पीयूसी चालू ठेवावी आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर ती बसवून घ्यावी.

विक्री करताना मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३० कोरे ठेवून सही करून देण्याची जुनी पद्धत आहे, ती कटाक्षाने टाळावी. खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहून त्याची सही घ्यावी आणि विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावे. खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असेल, तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. अर्जासाठी चेसिस क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा, ठसा मागतात. आकडे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करतात, त्यांवर पेन्सिल घासतात आणि पारदर्शक चिकटपट्टी दाबून ठसा उचलतात. गंजलेल्या पत्र्यावर तो पहिल्या फटक्यात क्वचितच उमटतो, म्हणून हे काम आरटीओच्या आवारात घाईने न करता घरीच उजेडात करावे. शोरूममध्ये अदलाबदलीत गाडी देणार असाल, तर तिथला विक्रेता जुन्या गाड्यांचा अधिकृत विक्रेता आहे का ते विचारावे आणि नमुना २९-सी भरून घ्यावा, म्हणजे गाडी दिल्यापासूनची जबाबदारी नोंदीतही त्याच्याकडे जाते.

गाडी चालण्याजोगी उरली नसेल, तर ती गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथे मिळणारे जमा प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होणे आणि मोटार वाहन करात सवलत मिळणे त्यावर अवलंबून असते.

फास्टॅग बँकेला कळवून बंद करावा. काचेवरून खरवडून तो नव्या गाडीला लावता येत नाही. विम्यातील नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन तो नव्या पॉलिसीत वळवावा. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात तो ५० टक्के असतो. जुन्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर अर्थात हा प्रश्नच येत नाही.

गाडी रिकामी करण्याचे काम एकट्याने न करता घरातल्यांनी मिळून करावे. सीटखालची चिल्लर, डिकीतल्या स्टेपनीमागे सरकलेला नारळ फोडायचा दगड, गॅरेजची पिवळी पडलेली बिले आणि डॅशबोर्डवरचा गणपती यांपैकी काय ठेवायचे, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. गणपतीचा डिंक वर्षानुवर्षांच्या उन्हाने दगड झालेला असतो. कोमट पाणी आणि दोरा वापरून तो सोडवावा, ओढून काढू नये. घरातल्या ज्येष्ठांना गाडी शेवटची एकदा चालवायची किंवा तिच्यातून देवदर्शनाला जायचे असेल, तर ते विमा आणि नोंदणी चालू असतानाच करून घ्यावे.

नव्या गाडीसाठी २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीचे कोटेशन हाती असेल, तर ते बाजूला ठेवावे, कारण चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी त्या दिवसापासून १८ टक्के झाला आहे. दसरा किंवा पाडव्याला गाडी हवी असेल, तर सणाच्या गर्दीत पाहणीला वेळ मिळत नाही, म्हणून आधीच्या आठवड्यात दिवसाउजेडी यार्डात जाऊन ती पाहावी. चेसिस क्रमांक लिहून घ्यावा, टायरवरील चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते तपासावे आणि रंगातील फरकाकडे लक्ष द्यावे. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणे फार कठीण असते. त्यामुळे हे सारे समाधानकारक वाटल्यावरच उरलेली रक्कम भरावी.