जिन्याला स्टीलचे गज बसवताना या चुका टाळा

नवं रेलिंग महिनाभरात हलायला लागलं की सगळं खापर वेल्डिंगवर फुटतं. आधी खांबाच्या पायाशी असलेल्या बेस प्लेटवर बोट ठेवून खांब हलवून बघा. प्लेट ग्रॅनाइटवर सरकत असेल तर ती काँक्रीटमध्ये जखडणारा बोल्ट, म्हणजे अँकर, ढिला आहे. प्लेट जागच्या जागी आणि पाइप डुलतोय, तर सांधा गेलाय. दोन्ही घट्ट असून अख्खं रेलिंग लवत असेल, तर खांब लांब-लांब घेतलेत किंवा पाइप पातळ गेजचा आहे.

बहुतेक वेळा अँकरच निघतो. १०×७५ चा (१० मिमी जाड, ७५ मिमी लांब) फास्टनर, म्हणजे भोकात फुगणारा अँकर, सर्रास ठोकतात. त्यातले ६ मिमी प्लेटमध्ये, १८ ग्रॅनाइटमध्ये आणि साधारण ३५ फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या मालात जातात. काँक्रीटमध्ये उरतात जेमतेम १६. म्हणजे खांब मालावरच उभा! काँक्रीटमध्ये निदान ६० मिमी शिरायला हवेत, तेव्हा इथे १२० मिमी आणि वर नटापुरती लांबी धरा. भोक पायरीच्या कडेजवळ येत असेल तर फुगणारा फास्टनर नकोच, तो कड फोडतो. तिथे थ्रेडेड रॉड (आट्यांची सळई) आणि केमिकल अँकर (भोकात भरायचं चिकट केमिकल) वापरा. भोकातली धूळ ब्रश आणि पंपाने काढली नाही तर केमिकल धुळीलाच चिकटतं, आणि घाईत नेमकं हेच राहतं. ग्रॅनाइट पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. डायमंड बिट आणि पाण्याची धार, एवढंच.

आता फटी. घरात लहान मूल असेल तर दोन गजांत १०० मिमीपेक्षा जास्त मोकळी जागा नको. दोन खांबांमध्ये आडव्या मापात १२०० मिमी मोकळे आहेत आणि गज १६ मिमीचे आहेत असं धरा. ९ गजांत फट १०५.६ येते, १० गजांत ९४.५. एका गजाचे पैसे वाचवू नका. गजाच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंत ११०.५ झाले, पण हे आडवं माप. २५० ची पायरी आणि १६५ चा रायझर (पायरीची उंची) असेल तर तिरक्या पाइपवर तेच १३२.४ भरतं. टेप पाइपवर ठेवून ११०.५ वरच खुणा केल्या तर दहावा गज संपल्यावर खांबापाशी साधारण २७५ मिमीचं भगदाड उरतं. टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका) मारण्याआधी प्रत्येक गज ओळंब्यात बघा.

आडवे गज दिसायला छान, पण पोरांसाठी ती शिडीच.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे चांगल्या दर्जाचं ३०४ स्टील, हा गैरसमज पक्का बसलाय. स्वस्तातल्या २०२ स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये मँगनीज जास्त असतं, म्हणून मँगनीज ओळखणाऱ्या टेस्टिंग लिक्विडचा एक थेंब टाकून घ्या. मालवण-रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेत घर असेल तर गंजाला जास्त टिकणारं ३१६ च घ्या.

३०४ असूनही तपकिरी ठिपके आले, तर दोन संशयित. एक, साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडिंगची चकती स्टीलवर वापरली. दुसरा, फरशी धुवायचं अ‍ॅसिड. ते स्टीलला बारीक खड्डे पाडतं. त्यामुळे फरशी अ‍ॅसिडने धुऊन, भरपूर पाण्याने काढून झाल्यावरच रेलिंग बसवा. आधीच बसलं असेल तर जिना साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसा.