ग्रामसभेत कोणी टकलावर घसरला तर काय करायचं? रोमवाल्यांना विचारा

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे माणसात जरा काही वेगळं दिसलं की टोपणनाव तयार, आणि तुम्ही ग्रामसभेत नळाच्या पाइपलाइनवर बोलायला उभे राहिलात की मागच्या बाकावरून नेमकं तेच येणार. चिडलात की संपलं, पाइपलाइन राहते बाजूला आणि लोक तुमचा लाल झालेला चेहरा बघत बसतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या पुढाऱ्यांना हा ताप रोजचाच होता.

सगळ्यात सोपा उपाय वॅटिनियस नावाच्या पुढाऱ्याचा. ह्याच्या पायात खोड, मानेवर गाठी, आणि सेनेका हा रोमन लेखक म्हणतो तसे दुखण्यांपेक्षा शत्रू जास्त, त्यात सिसेरोसारखा तिखट जिभेचा वक्ता. तर हा स्वतःच आपल्या पायांवर आणि मानेवर इतके जोक मारायचा की दुसऱ्याला मारायला काही उरायचंच नाही. तेव्हा घरीच ठरवून जा, माझ्यावर काय बोलतील, आणि ते उभं राहिल्या राहिल्या स्वतः बोलून टाका. पण एकच वाक्य हां, दुसरं बोललात की रडगाणं वाटतं.

बोलीवरून हसणारे असतील तर व्हेस्पासियन (इ.स. 69 ते 79 सम्राट, पण बोलणं गावठीच). मेस्ट्रियस फ्लोरस नावाच्या बड्या माणसाने त्याला सुधारलं, गाड्यांना 'प्लोस्ट्रा' नाही 'प्लाउस्ट्रा' म्हणा. दुसऱ्या दिवशी सम्राटाने हाक मारली, 'या फ्लाउरस!' म्हणजे समोरच्याचाच नियम त्याच्याच नावाला लावायचा. समजा कोणी म्हणालं 'इलंय' नाही 'आलोय' म्हणा, आणि त्याचं आडनाव निघालं इनामदार, तर उद्या भेटल्यावर 'काय आनामदार साहेब' एवढंच, आवाज न चढवता. मला तर हाच उपाय सगळ्यात आवडतो कारण ह्यात शिवी कुठेच नाही.

आता काय करू नये. इ.स.पू. 46 मध्ये सीझरच्या विजयाच्या मिरवणुकीत त्याचेच सैनिक त्याच्या टकलावर आणि भानगडींवर गाणी म्हणत होते, त्या दिवशी ते चालायचं, आपल्या शिमग्यातल्या बोंबांसारखंच. पण बिथिनियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं राज्य) राजाशी लफडं असल्याचं गाणं त्याला झोंबलं आणि त्याने शपथ घेऊन नाकारलं, झालं, हशा डबल. शिमग्यात देवाची शपथ घेणाऱ्याचं जे होतं तेच.

आणि समोरच्याच्या आईवर जाऊ नका. मेटेलस नेपोस नावाचा रोमन पुढारी सिसेरोला सारखा विचारायचा, तुझा बाप कोण? सिसेरो म्हणाला, तुझ्या बाबतीत ह्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आईने कठीण करून ठेवलंय. रोममध्ये खपलं असेल, वाडीत खपत नाही, कारण उद्या सकाळी तुमची पायवाट त्यांच्याच खळ्यातून जाते.