थिसिसचा पेपर एंडोक्रिनॉलॉजीच्या जर्नलला पाठवताय? या चुका टाळा

एमडीचा थिसिस विद्यापीठाकडून मंजूर होऊन आला की पुढची पायरी बहुतेकांची ठरलेली असते. ऐंशी-नव्वद पानांची वर्ड फाइल उघडायची, प्रस्तावना निम्मी करायची, चर्चेतले चार परिच्छेद उडवायचे आणि उरलेलं एखाद्या एंडोक्रिनॉलॉजीच्या (हार्मोन आणि ग्रंथींच्या शास्त्राच्या) जर्नलला लावून द्यायचं. आठवड्याभरात रिजेक्शनचा मेल येतो. मग कॅन्टीनमध्ये दोन कारणं ऐकू येतात: ‘इंग्लिश कच्चं पडलं’ किंवा ‘कोल्हापूरचं नाव बघून परत पाठवला’. ही कारणं क्वचितच खरी असतात. कच्चं इंग्लिश सुधारता येतं हे एडिटरलाही माहीत असतं. रक्त किती वाजता काढलं हे तुम्ही लिहिलेलं नसेल, तर ते मात्र कुणालाच नंतर शोधून काढता येत नाही. हार्मोनच्या पेपरचं खरं मरण तिथं आहे.

‘स्टँडर्ड मेथड’ नावाचा घोटाळा

आपल्याकडच्या निम्म्या मसुद्यांत मेथड्सच्या भागात हे वाक्य सापडतं: ‘थायरॉइड फंक्शन टेस्ट्स वेअर डन बाय स्टँडर्ड मेथड.’ जनरल मेडिसिनच्या एखाद्या जर्नलमध्ये हे कदाचित खपेल. एंडोक्रिनॉलॉजीचा रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, इथंच पेन खाली ठेवतो. त्याला हवं ते असं: नमुना सकाळी किती ते किती वाजता घेतला, उपाशीपोटी की कसं, कुठल्या ट्यूबमध्ये, किती वेळात सेंट्रिफ्यूज केला, कुठल्या तापमानाला ठेवला, कुठल्या कंपनीच्या कुठल्या मशीनवर आणि किटवर तपासला, त्या तपासणीचा इंट्रा-अ‍ॅसे आणि इंटर-अ‍ॅसे कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन (तोच नमुना एकाच खेपेत आणि वेगवेगळ्या खेपांत तपासला तर आकडा किती हलतो) किती, आणि प्रयोगशाळेची नॉर्मल रेंज काय. एवढं सगळं तीन वाक्यांत बसतं. अडचण जागेची नसते, ही माहिती कुणी टिपून ठेवलेली नसते ही अडचण असते.

कोल्हापुरात यात एक खास भानगड आहे. टीएसएच (थायरॉइडची मुख्य तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) इथंच होतात. पण एसीटीएच, रेनिन, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अशा अ‍ॅड्रिनल ग्रंथीशी संबंधित तपासण्यांचे नमुने बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेला जातात. एसीटीएच रक्तात पटकन नष्ट होतं. त्यासाठी थंड केलेली ईडीटीएची प्लास्टिक ट्यूब, बर्फ, लगेच सेंट्रिफ्यूज आणि मग प्लाझ्मा गोठवून पाठवणं, एवढा सोपस्कार लागतो. रेनिनचं नेमकं उलट. नमुना बर्फावर ठेवला तर प्रोरेनिनचं (रेनिनच्या निष्क्रिय रूपाचं) रेनिन होतं आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून प्लाझ्मा वेगळा होईपर्यंत नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवायचा. सिस्टरनी सगळ्या ट्यूब एकाच आइस बॉक्समध्ये भरल्या असतील तर अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशोचा तक्ता कितीही देखणा काढा, तो बिनकामाचा.

साखरेचंही तेच. गारगोटी किंवा चंदगडला शिबिर झालं, नमुने संध्याकाळी गाडीनं आले. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं. म्हणजे १३० ची साखर तीन तासांनी ११० च्या आसपास दिसणार आणि एक मधुमेही तुमच्या तक्त्यात ‘प्रीडायबेटिस’ म्हणून बसणार. फ्लोराइडची ट्यूब वापरली तरी पहिला तास-दोन तास ही घसरण चालूच राहते, त्यामुळे ‘आम्ही करड्या झाकणाची ट्यूब वापरली’ हे पूर्ण उत्तर नाही. नमुना काढल्याची आणि वेगळा केल्याची, दोन्ही वेळा फॉर्मवर हव्यात.

बाकी वेळेची पथ्यं तुम्हाला ठाऊकच आहेत: कॉर्टिसोल सकाळी ८ च्या सुमारास, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, एफएसएच-एलएच पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी. पाळलीही असतात, फक्त लिहिलेली नसतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू आहेत का, हा प्रश्नही फॉर्ममध्ये घाला. स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिन पद्धतीच्या किटवर मोठ्या डोसचं बायोटिन टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दाखवू शकतं. आणि अभ्यासाच्या मध्येच रुग्णालयानं मशीन बदललं असेल तर ते लपवू नका. दोन मशीनचे आकडे एकाच रकान्यात गुपचूप घातले की हिस्टोग्रामला दोन उंचवटे येतात, आणि ते दिसायला फार हुशार रिव्ह्यूअर लागत नाही.

आकडे आणि एककं

तक्ता क्रमांक १ मध्ये समजा लिहिलंय, टीएसएच ६.२ ± ९.८. सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करा: उणे १३.४. टीएसएच शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे डेटा एका बाजूला झुकलेला आहे आणि तुम्ही त्याला बळंच सरासरीत कोंबलंय. टीएसएच, इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड, प्रोलॅक्टिन यांचं वागणं बहुधा असंच असतं. तिथं मीडियन (मधला आकडा) आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या आकड्यांची व्याप्ती) द्या आणि टी-टेस्टऐवजी नॉन-पॅरामेट्रिक चाचणी वापरा, किंवा लॉग घेऊन करा. संख्याशास्त्राच्या माणसाकडे एक्सेल शीट घेऊन शेवटच्या आठवड्यात धावण्यात अर्थ नाही. सॅम्पल साइझ काढतानाच त्याला गाठा. आणि सॉफ्टवेअरनं ‘पी = ०.०००’ दाखवलं म्हणून तसंच उतरवू नका; ‘पी ०.००१ पेक्षा कमी’ असं लिहायचं असतं.

परदेशी जर्नलना बऱ्याचदा एसआय (आंतरराष्ट्रीय पद्धतीची) एककं लागतात. ग्लुकोज मिलिग्रॅमवरून मिलिमोलवर न्यायला १८ नं भागा, व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅमवरून नॅनोमोलवर न्यायला २.५ नं गुणा, कॉर्टिसोल मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवरून नॅनोमोल प्रति लिटरवर न्यायला २७.६ नं गुणा. एचबीए१सी ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल. होमा-आयआरमध्ये (उपाशीपोटीचं ग्लुकोज आणि इन्सुलिन यांच्या गुणाकाराला भागून काढलेल्या इन्सुलिन रेझिस्टन्सच्या अंदाजात) तर एककांची चूक हमखास होते: ग्लुकोज मिलिग्रॅममध्ये असेल तर भागाकार ४०५ नं, मिलिमोलमध्ये असेल तर २२.५ नं. मिलिग्रॅमचा आकडा घेऊन २२.५ नं भागलात की उत्तर १८ पट फुगतं आणि तुमच्या कंट्रोल गटातल्या धडधाकट पोरांचा होमा-आयआर ३५ येतो. आश्चर्य म्हणजे असा तक्ता चार लेखकांच्या नजरेखालून जातो.

जुना कट-ऑफ, नवा पेपर

गरोदरपणातल्या हायपोथायरॉइडिझमवर आपल्याकडे भरपूर थिसिस होतात. प्रोटोकॉल आधीच्या बॅचच्या थिसिसवरून उतरवलेला, तो त्याच्या आधीच्या. त्यामुळे पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादा २.५ ही अजूनही चालू आहे. ती अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०११ च्या शिफारशींतली. २०१७ मध्ये त्याच संस्थेनं भूमिका बदलली: स्थानिक लोकसंख्येची तिमाहीनिहाय रेंज असेल तर ती वापरा, नसेल तर साधारण ४.० धरा. तुमचा सगळा निष्कर्ष ‘इतके टक्के गरोदर स्त्रियांना सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ (टीएसएच वाढलेलं, पण टी४ नॉर्मल) असा असेल, तर हा एक आकडा बदलताच ती टक्केवारी कोसळते. उपाय आहे. दोन्ही कट-ऑफनं पुन्हा मोजा, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या आणि टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी) केल्या असतील तर त्यानुसार फोड करा. कधीकधी मूळ पेपरपेक्षा हाच तक्ता जास्त वाचनीय निघतो.

पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये) नुसतं ‘रॉटरडॅम क्रायटेरिया’ लिहून भागत नाही; त्यात तीनपैकी दोन निकष जुळले की निदान होतं. कुठले दोन किती जणींत होते ते सांगा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीला पर्याय म्हणून एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) ही रक्ततपासणी मान्य केलीय, किशोरवयीन मुलींत नाही. बीएमआयला भारतीयांसाठीचे निकष वापरले असतील, म्हणजे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता, तर तसं स्पष्ट म्हणा. नावंही बदलतात. डायबेटिस इन्सिपिडसला (साखरेशी संबंध नसलेल्या, भरमसाट लघवीच्या आजाराला) २०२२ पासून व्हॅसोप्रेसिनच्या कमतरतेवर आणि रेझिस्टन्सवर आधारित नवी नावं सुचवली गेली आहेत. निदान एकदा तरी दोन्ही नावं लिहा.

‘आमच्या भागात असा अभ्यास झालेला नाही’

कव्हर लेटरमधलं हे सगळ्यात लाडकं वाक्य. खरं असेलही, पण एडिटरच्या मनात लगेच येतं, मग नाही झाला तर काय बिघडलं? इथला अभ्यास इथंच का करायला हवा होता, ते सांगता आलं पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या मधुमेहींचं औषध पाच-सहा महिने कसं चालतं, फॉलोअप कुठं तुटतो, हा प्रश्न कारखान्यांच्या पट्ट्यातच विचारता येतो. ‘कोल्हापुरातील टाइप २ मधुमेहींमधील व्हिटॅमिन डी’ मध्ये मात्र कोल्हापूर फक्त शीर्षकापुरतं आहे.

याचीच दुसरी बाजू: ओपीडीतल्या टक्केवारीला ‘कोल्हापूर जिल्ह्यातील प्रमाण’ म्हणू नका. आपल्या मोठ्या रुग्णालयांत निपाणी-संकेश्वरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे पेशंट येतात, आणि बरेचसे दोन डॉक्टर फिरून. रुग्ण कुठून आणि कसे आले ते लिहा आणि दावा तेवढाच ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यासांच्या मांडणीसाठीची ‘स्ट्रोब’ ही चेकलिस्ट नेमकं हेच विचारते. ती डाउनलोड करून नुसते पान क्रमांक भरण्याऐवजी मसुद्याच्या आधी वाचली तर उपयोग होतो.

परवानग्या, फोटो, नावं

‘आम्ही फक्त व्हिटॅमिन डीची पावडर दिली, ट्रायल कुठं केली?’ हा प्रश्न निवासी डॉक्टर निरागसपणे विचारतात. दोन गट करून एकाला काही दिलंत की ती ट्रायल झाली. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. पेपर लिहिताना मागाहून ती मिळत नाही. चांगली जर्नल्स नोंदणीशिवाय ट्रायलचा पेपर वाचतही नाहीत. इथं कुठलाही जुगाड चालत नाही, हे गाइडनं पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

एंडोक्रिनॉलॉजीत फोटो महत्त्वाचे. कुशिंगचा चेहरा, अ‍ॅक्रोमेगॅलीचे हात, गळ्याची गाठ. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते ही समजूत सोडा. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, ती पुरेशी मानत नाही. अशा फोटोला उपचाराच्या संमतीपत्रापेक्षा वेगळी, प्रसिद्धीसाठीची लेखी संमती हवी, आणि ती पेशंटला कळणाऱ्या मराठीत हवी. लहान मूल असेल तर पालकांची संमती, शिवाय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची असेंटही (होकारही). डिस्चार्ज झालेल्या पेशंटला शोधत शाहूवाडीला जाण्यापेक्षा फोटो काढतानाच सही घ्या.

लेखकांच्या यादीबद्दल काय बोलावं! ज्यांनी मसुदा वाचलेलाही नाही त्यांची नावं मानापानासाठी घालण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आयसीएमजेईचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा गांभीर्यानं तपासणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि जबाबदारी घेण्याची तयारी. बाकीच्यांचे आभार माना. क्रम आधीच कागदावर ठरवा, कारण सबमिट झाल्यावर नाव घालायचं-काढायचं म्हणजे सगळ्यांच्या सह्या, आणि तोवर कुणीतरी सीनिअर रेसिडेन्सीसाठी दुसरीकडे निघून गेलेलं असतं. पत्रव्यवहाराचा ईमेलही अशाच निघून जाणाऱ्या माणसाचा देऊ नये.

प्रमोशनच्या घाईत ‘७२ तासांत स्वीकृती’ वाल्या जर्नलच्या मेलला भुलणारेही आहेत. एंडोक्रिनॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि योग एकाच अंकात छापणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी ते जर्नल खरोखर कुठल्या डेटाबेसमध्ये इंडेक्स्ड (नोंदलेलं) आहे ते त्या डेटाबेसवर जाऊन बघा. जर्नलच्या वेबसाइटवर लावलेल्या लोगोंवर जाऊ नका.

सबमिटच्या दिवशी

आपल्याकडच्या बऱ्याच जर्नलना नावांचं पान वेगळं आणि मुख्य फाइल बिननावाची लागते, म्हणजे रिव्ह्यूअरला लेखक कळत नाहीत. मुख्य फाइलमधून नावं काढली जातात, पण मेथड्समध्ये कॉलेजचं नाव, एथिक्स कमिटीच्या पत्राचा क्रमांक आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गाइडचं नाव तसंच राहतं. ‘पश्चिम महाराष्ट्रातलं एक टर्शरी केअर रुग्णालय’ एवढं पुरे.

एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं जाहीर करा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. तो अस्तित्वातच नसलेले पेपर अस्सल दिसणाऱ्या नावा-सालासकट देतो. प्रत्येक संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर) उघडून बघायचा, झोटेरोत (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकायचा, मग वापरायचा. थिसिसमधले परिच्छेद जसेच्या तसे उचलले असतील तर सिमिलॅरिटी रिपोर्ट (नक्कल तपासणारा अहवाल) लाल होणार. पेपर थिसिसवर आधारित असल्याचं एडिटरला आधीच कळवलेलं बरं. आणि उत्तराला उशीर होतोय म्हणून तोच पेपर दुसरीकडे पाठवणं, हे कितीही चिडचिड झाली तरी करायचं नाही.

रिव्हिजन आणि प्रूफ

मेजर रिव्हिजन आली की लोक हताश होतात. खरं तर ती चांगली बातमी आहे. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर, खाली बदललेलं वाक्य आणि ओळ क्रमांक. ‘सूचनेप्रमाणे बदल केला आहे’ एवढंच लिहिलं तर त्याला पूर्ण मसुदा पुन्हा चाळावा लागतो आणि तो वैतागतो. एखादी गोष्ट करणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ उरलेलं सीरम टाकून दिलंय, तर तसं साधेपणानं सांगा आणि मर्यादांच्या भागात घाला.

स्वीकृतीनंतर प्रूफ (छपाईआधीची नमुना पानं) येतात, तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच असतात. पेढे वाटून झाले असले तरी तक्ते एकेक करून मूळ शीटशी ताडा. टाइपसेटिंगमध्ये ग्रीक म्यू अक्षर हरवून त्या जागी ‘एम’ येणं ही नेहमीची गोष्ट आहे. टीएसएचचा आकडा मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर आणि मिलि-युनिट प्रति लिटरमध्ये सारखाच असतो. पण मिलि-युनिट प्रति मिलिलिटर छापलं गेलं की तो हजार पट होतो. लेव्होथायरॉक्सिनचा डोसही तसाच तपासा: १०० मायक्रोग्रॅमचे १०० मिलिग्रॅम झालेले नाहीत ना, हे बघूनच प्रूफ परत पाठवा.